‘अप्रीती’चा अर्थ : राजद्रोहाचे कलम आणि त्यावरील भाष्ये

आपल्याकडे धर्मशास्त्राचा अभ्यास करणाऱ्यांस एक गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मूळ स्मृतीचे वचन एका ओळीचे असते. त्यावरची टीका दहा पानांची असते. आणि तंटा उभा राहिला म्हणजे निवाडा स्मृतीवरून होत नाही, टीकेवरून होतो. याज्ञवल्क्याची स्मृती एकच, पण तिचा जो अर्थ विज्ञानेश्वराने मिताक्षरेत सांगितला तोच आमच्या प्रांतात वारसाहक्काचा कायदा होऊन बसला, आणि गुजराथ, मुंबई बेट व उत्तर कोकण येथे नीलकंठभट्टांच्या मयूखाने मिताक्षरेसही मागे सारले. १८६८ साली प्रिव्ही कौन्सिलने रामनाडच्या खटल्यात हीच गोष्ट मान्य केली. मूळ वचनातून अमुक अर्थ निघतो की नाही हे न्यायाधीशाने शोधीत बसू नये, त्या त्या प्रांतात कोणत्या टीकेचा अर्थ चालत आला आहे एवढेच पाहावे, असे त्या निर्णयाचे तात्पर्य होते.

इंग्रजांनी आणलेल्या फौजदारी कायद्याचे तसे नाही, तेथे कलम छापील असते आणि त्यातला शब्द न् शब्द ठरलेला असतो, अशी सुशिक्षितांची समजूत असते. ती समजूत तपासून पाहण्यास राजद्रोहाच्या कलमाइतके योग्य उदाहरण आम्हांस दुसरे दिसत नाही. या कलमाच्या पोटात एकच शब्द होता. इंग्रजीत ‘डिसअफेक्शन’, आणि त्याचे मराठी भाषांतर ‘अप्रीती’. दीडशे वर्षे खटले चालले ते या एका शब्दाच्या अर्थावर.

मेकॉलेने १८३७ साली दंडसंहितेचा जो मसुदा केला त्यात अशा अर्थाचे कलम होते. १८६० साली संहिता मंजूर झाली तेव्हा ते गळाले. पुढे १८७० साली जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हे कायदेमंत्री असताना ते १२४-अ या आकड्याने आत शिरले. पुण्याची वसंत व्याख्यानमाला रानड्यांनी १८७५ साली सुरू केली. म्हणजे हे कलम तिच्याहून पाच वर्षांनी वडील. त्या व्यासपीठावरून पहिली सत्तर-बहात्तर वर्षे जे जे बोलले गेले ते या वडील भावंडाच्या देखत बोलले गेले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मूळ कलम असे होते की, कायद्याने स्थापन झालेल्या सरकारविषयी जो कोणी बोलून, लिहून, खुणेने किंवा अन्य रीतीने अप्रीतीची भावना चेतवील किंवा चेतविण्याचा यत्न करील त्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा व्हावी. खाली एक स्पष्टीकरण जोडलेले होते : सरकारच्या एखाद्या कृत्याविषयी नापसंती दाखविली, पण सरकारची आज्ञा पाळण्याची वृत्ती कायम असली, तर ती अप्रीती नव्हे. कागदावर ही सवलत मोठी होती. परंतु अप्रीती म्हणजे काय हे कलमाने कोठेच सांगितले नव्हते.

संस्कृत व्याकरण शिकलेल्या वाचकांस येथली गोम लगेच कळेल. शब्दाच्या आरंभी जो निषेधाचा ‘अ’ लागतो त्याचे वैयाकरणांनी सहा अर्थ सांगितले आहेत. त्यांत एक अभाव आणि एक विरोध. ‘अज्ञान’ म्हणजे ज्ञानाचा अभाव. ‘अधर्म’ म्हणजे मात्र धर्माचा नुसता अभाव नव्हे, धर्माच्या विरुद्ध असे काही. मग ‘अप्रीती’तला ‘अ’ कोणता? अभावाचा की विरोधाचा? दगडाला सरकारविषयी प्रीती नसते. म्हणून दगड राजद्रोही ठरेल काय?

हा प्रश्न प्रथम निघाला तो कलकत्त्यास. संमतिवयाच्या कायद्यावर ‘बंगवासी’ पत्राने कडक लेख लिहिले, म्हणून १८९१ साली त्या पत्राच्या मंडळींवर खटला झाला. मुख्य न्यायाधीश पेथेराम यांनी ज्यूरीस सांगितले की, अप्रीती म्हणजे प्रीतीच्या उलट भावना, नावड किंवा द्वेष. म्हणजे त्यांनी विरोधाचा ‘अ’ घेतला. ज्यूरीचे एकमत झाले नाही, संपादकांनी माफी मागितली आणि खटला तेथेच संपला.

सहा वर्षांनी तोच प्रश्न मुंबईच्या हायकोर्टात आला. १५ जून १८९७ च्या ‘केसरी’त शिवराज्याभिषेकोत्सवाचा वृत्तांत आणि ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता छापली गेली. वृत्तांतात अफझलखानाच्या वधाची चर्चा होती. त्यानंतर आठवडाभराने, २२ जूनच्या रात्री, पुण्यात रँड आणि आयर्स्ट यांजवर गोळ्या झाडल्या गेल्या. जुलैच्या २७ तारखेस टिळकांस पकडले. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी त्यांस जामिनावर सोडले. जामिनाचा अर्ज चालविणारे बॅरिस्टर होते दिनशा दावर. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे.

सप्टेंबरात न्यायमूर्ती स्ट्रेची यांजपुढे खटला चालला. लेख मराठीत, आणि ज्यूरीतल्या बहुसंख्य युरोपियन गृहस्थांपुढे त्याचे इंग्रजी भाषांतर. लेखाने कोठे दंगा झाला किंवा बंड झाले असा पुरावा नव्हता. परंतु स्ट्रेची यांनी ज्यूरीस सांगितले की, दंगा झाला की नाही हा प्रश्नच येथे गैरलागू आहे. अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. पुढे त्यांनी द्वेष, वैर, तिरस्कार, तुच्छता अशा भावनांची मालिका जोडली, हे खरे. म्हणजे नुसता अभावच त्यांच्या मनात होता असे म्हणणे त्यांस अन्याय केल्यासारखे होईल. पण ज्यूरीच्या आणि पुढच्या पिढ्यांच्या कानांत राहिले ते पहिले वाक्य. सहा विरुद्ध तीन मतांनी टिळक दोषी ठरले आणि अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. प्रिव्ही कौन्सिलपुढे टिळकांच्या बाजूने अॅस्क्विथ उभे राहिले (पुढे हेच इंग्लंडचे पंतप्रधान झाले), पण अपिलाची परवानगीही मिळाली नाही.

यानंतर जे झाले ते आमच्या मते या साऱ्या इतिहासाची किल्ली आहे. १८९८ साली सरकारने कलमच बदलले. ‘द्वेष किंवा तुच्छता’ हे शब्द कलमात आले, आणि स्पष्टीकरणात लिहिले गेले की, अप्रीती या शब्दात बेइमानी व वैराच्या सर्व भावना यांचा समावेश होतो. न्यायाधीशाने खटल्यात जी टीका केली ती वर्षभरात मूळ ग्रंथात जाऊन बसली. सरकारास सोयीची टीका मूळ संहितेत शिरण्यास एक वर्ष पुरले. प्रजेस सोयीची टीका संहितेत शिरण्यास किती काळ लागतो, ते पुढे येईलच.

१९०८ चा खटला महाराष्ट्रात इतका सर्वश्रुत आहे की त्याची हकीकत आम्ही विस्ताराने सांगत नाही. मुझफ्फरपूरच्या बाँबनंतर ‘केसरी’त आलेले ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे लेख, जूनच्या २४ तारखेची अटक, आणि न्यायासनावर तेच दावर, ज्यांनी अकरा वर्षांपूर्वी टिळकांस जामीन मिळवून दिला होता. या वेळी टिळकांच्या जामिनाचा अर्ज जीना यांनी केला आणि तो दावरांनी नाकारला. आम्हांस वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे ते टिळकांच्या भाषणाच्या एका अंगाकडे. कित्येक दिवस चाललेल्या, एकवीस तासांहून लांब अशा त्या भाषणात त्यांनी पुष्कळसा वेळ भाषांतरावर खर्च केला. कोर्टाच्या भाषांतरकारास त्यांनी शब्दाशब्दावर उलट प्रश्न विचारले. मराठीत जो शब्द वादविवादाच्या ओघात साधा वाटतो तो इंग्रजीत नेला म्हणजे कसा भडक होतो, हे ते ज्यूरीस समजावून देत होते. सात युरोपियन आणि दोन पारशी अशा ज्यूरीपुढे एक मनुष्य आपल्याच भाषेची वकिली करीत होता. सात विरुद्ध दोन मतांनी निकाल लागला; सहा वर्षे हद्दपारी आणि एक हजार रुपये दंड. निकालानंतर वरिष्ठ शक्तीच्या न्यायाविषयी टिळक जे बोलले ते १९५६ साली त्याच दालनाबाहेर संगमरवरावर कोरले गेले. त्याच वर्षी ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे हेही याच कलमाखाली तुरुंगात गेले.

१९१६ साली मात्र वारे थोडे फिरले. होमरूलवर बेळगाव व अहमदनगर येथे दिलेल्या भाषणांबद्दल टिळकांकडून वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले गेले. ती नोटीस त्यांच्या साठाव्या वाढदिवशी हाती पडली. हायकोर्टात न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांनी भाषणे आरंभापासून अखेरपर्यंत वाचली, एखाददुसरे आक्षेपार्ह वाक्य वेगळे काढून न बघता सबंध भाषणाचा श्रोत्यांवर काय परिणाम होईल हे पाहिले, आणि तो हुकूम रद्द केला. कलम तेच, वक्ता तोच, हायकोर्टही तेच. बदलली होती ती वाचण्याची रीत.

१९२२ साली अहमदाबादेस गांधीजींवर खटला झाला तेव्हा त्यांनी या शब्दाच्या मर्मावरच बोट ठेवले. प्रीती कायद्याने निर्माण करता येत नाही की ताब्यात ठेवता येत नाही, असे त्यांच्या निवेदनाचे सार होते. न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी टिळकांच्या शिक्षेचा दाखला देऊन त्यांसही सहा वर्षेच दिली.

मग दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एक विचित्र प्रकार घडला. १९४२ साली फेडरल कोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांनी निहारेंदु दत्त मजुमदार यांच्या खटल्यात सांगितले की, सरकारचा अपमान झाला म्हणून राजद्रोह होत नाही. सार्वजनिक शांततेचा भंग, किंवा तो होईल अशी वाजवी भीती, हे या गुन्ह्याचे सार आहे. खटला युद्धकालीन भारत संरक्षण नियमांखालचा होता, पण नियमाचे शब्द कलमासारखेच होते. स्ट्रेची यांची टीका येथे उलटली असे वाटले. पण १९४७ च्या फेब्रुवारीत, म्हणजे इंग्रजांचे गाठोडे बांधून झाले असता, प्रिव्ही कौन्सिलने मुंबई इलाख्यातल्या सदाशिव नारायण भालेराव यांच्या खटल्यात ग्वायर यांचा अर्थ चूक ठरविला आणि १८९७ चाच अर्थ बरोबर असे सांगितले. जाता जाता इंग्रज आपली टीका येथे ठेवून गेले.

घटना समितीने या शब्दास घटनेत येऊ दिले नाही. मसुद्यात भाषणस्वातंत्र्यावरील मर्यादांमध्ये ‘राजद्रोह’ हा शब्द होता. १९४८ च्या डिसेंबरात कन्हैयालाल मुनशींच्या दुरुस्तीने तो काढला गेला. पण दंडसंहितेतले कलम जागच्या जागी राहिले. १९५१ साली पंतप्रधान नेहरूंनी ते अत्यंत आक्षेपार्ह आहे असे संसदेत सांगितले, आणि तरीही ते राहिले. पंजाब हायकोर्टाने १९५० च्या अखेरीस, अलाहाबाद हायकोर्टाने १९५८ साली ते घटनाविरुद्ध ठरविले. मग प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला.

केदारनाथ सिंग हे बिहारातील फॉरवर्ड कम्युनिस्ट पक्षाचे वक्ते. १९५३ साली बरौनी येथे केलेल्या जहाल भाषणाबद्दल त्यांस शिक्षा झाली होती. २० जानेवारी १९६२ रोजी मुख्य न्यायाधीश भुवनेश्वरप्रसाद सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांनी निर्णय दिला. न्यायालयापुढे पेच असा होता : कलमाचा प्रिव्ही कौन्सिलने सांगितलेला अर्थ घेतला तर कलम घटनेविरुद्ध जाते, ग्वायर यांचा घेतला तर घटनेत बसते. न्यायालयाने ग्वायर यांचा अर्थ घेतला आणि कलम वाचविले. हिंसेस चिथावणी, किंवा सार्वजनिक अव्यवस्था माजविण्याचा उद्देश वा प्रवृत्ती असेल तरच गुन्हा. सरकारवर कितीही कडक टीका केली तरी तेवढ्याने गुन्हा नाही.

या निर्णयाची थोरवी वकीलवर्गात नेहमी सांगितली जाते, आणि ती यथार्थ आहे. परंतु आम्हांस त्यात एक उणेपणा दिसतो, आणि तो न्यायाधीशांचा नव्हे. १८९८ साली टीका मूळ संहितेत गेली होती. १९६२ ची टीका तेथे कधीच गेली नाही. कलमाचे शब्द तसेच राहिले. रतनलाल-धीरजलालांच्या जाडजूड ग्रंथात कलमाखाली बारीक टाइपात केदारनाथचा निर्णय येत राहिला. पण फौजदाराच्या टेबलावर जे छापील कलम असते त्यात हिंसा, चिथावणी, अव्यवस्था यांपैकी एकही शब्द नव्हता. तेथे होती ती अप्रीतीच. न्यायाधीश टीका वाचून निकाल देतो, आणि फौजदार कलम वाचून अटक करतो. या दोन वाचनांमध्ये जे महिने जातात ते आरोपीने कोठडीत काढावयाचे असतात.

त्यात भर म्हणून, इंग्रजी अमदानीत हा गुन्हा बिगर-वॉरंट अटकेचा नव्हता. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने तो दखलपात्र केला. म्हणजे टिळकांस जे संरक्षण होते तेही पुढच्यांस उरले नाही. चंदीगडात १९८४ साली दोन-तीनदा घोषणा दिल्याबद्दल दोघांवर हे कलम लागले. नुसत्या घोषणांनी राजद्रोह होत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते १९९५ साली. अकरा वर्षांनी सुटका झाली तीस सुटका म्हणावे की नाही, हा निराळा प्रश्न आहे.

टीका ठाण्यापर्यंत पोहोचविण्याचा एक यत्न आपल्या महाराष्ट्रातच झाला. २०१२ साली मुंबईत एका व्यंगचित्रकारास या कलमाखाली पकडले. त्या प्रकरणी २०१५ साली मुंबई हायकोर्टाने केदारनाथचा अर्थ पुन्हा सांगितला, आणि पोलिसांसाठी मार्गदर्शक सूचना काढण्याचे राज्य सरकारने कबूल केले. ऑगस्टमध्ये मराठीत परिपत्रक निघाले. पण ते वाचणाऱ्यांस दिसले की, लोकप्रतिनिधींवर केलेली टीकाही त्यात राजद्रोहाच्या जवळ जाऊन बसली आहे! गदारोळ झाला, पुन्हा कोर्टात अर्ज झाले, आणि त्याच वर्षी परिपत्रक मागे घेतले गेले. मर्यादा समजावून सांगण्यास निघालेल्या कागदानेच मर्यादा ओलांडावी, हे या कलमाच्या स्वभावास धरूनच झाले.

२०२१ च्या जुलैत मुख्य न्यायाधीश रमणा यांनी भर न्यायालयात विचारले की, गांधी-टिळकांवर जे कलम चालविले ते स्वातंत्र्यानंतर पंच्याहत्तर वर्षांनी अजून हवे आहे काय? अर्जदारांत एक सेवानिवृत्त मेजर जनरल होते, एस. जी. वोंबटकेरे. ११ मे २०२२ रोजी न्यायालयाने कलम स्थगित ठेवले : चालू खटले थांबवावेत आणि नवे गुन्हे नोंदू नयेत अशी अपेक्षा व्यक्त केली. कलम रद्द झाले नाही. केदारनाथचा निर्णय पाच न्यायाधीशांचा असल्यामुळे लहान पीठास तो ओलांडता येत नव्हता. म्हणून २०२३ च्या सप्टेंबरात हे प्रकरण किमान पाच न्यायाधीशांच्या पीठाकडे धाडले गेले.

दरम्यान विधि आयोगाने २०२३ साली आपल्या २७९ व्या अहवालात कलम ठेवावे असे सांगितले. त्यातल्या एका शिफारशीकडे पुरेसे लक्ष गेले नाही असे आम्हांस वाटते. केदारनाथचा अर्थ कलमाच्या शब्दांतच घालावा, हिंसेस चिथावणी किंवा अव्यवस्था माजविण्याची प्रवृत्ती हे शब्द मूळ संहितेत यावेत, असे आयोगाने सुचविले होते. शिक्षेची कमाल तीन वर्षांवरून सात करावी असेही त्याच अहवालात होते. एकसष्ट वर्षांनी टीका ग्रंथात शिरण्याची वेळ आली होती.

१ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता अंमलात आली आणि १८६० ची दंडसंहिता गेली. राजद्रोह हे नाव गेले, ‘सरकारविषयी’ हे शब्द गेले, आणि अप्रीतीही गेली. हा बदल लहान नव्हे, आणि त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. नव्या १५२ व्या कलमाचा रोख सरकारावरून देशाकडे वळला आहे : फुटून निघणे, सशस्त्र बंड, विघातक कारवाया यांस चिथावणी देणे, फुटीर कारवायांच्या भावनांस उत्तेजन देणे, किंवा देशाचे सार्वभौमत्व, एकता व अखंडता धोक्यात आणणे. कृत्य हेतुपुरस्सर किंवा जाणूनबुजून झालेले हवे, ही अटही घातली आहे. सरकारच्या कृत्यांवरील नापसंतीचे स्पष्टीकरण खाली आहेच.

आयोगाच्या दोन शिफारशींपैकी मात्र शिक्षा सात वर्षांची झाली, आणि केदारनाथचे शब्द आले नाहीत. जुन्या कलमात नुसता दंड करून सोडण्याची मुभा होती. नव्यात जन्मठेप किंवा सात वर्षांपर्यंत कैद, आणि शिवाय दंड. ‘विघातक कारवाया’ म्हणजे काय, ‘धोक्यात आणणे’ केव्हा पुरे होते, ‘भावनांस उत्तेजन’ कशाने मिळते, हे संहिता सांगत नाही. १८७० साली अप्रीतीचा अर्थ स्टीफन यांनी जसा पुढच्या न्यायाधीशांवर सोपविला तसाच तो आजही सोपविलेला आहे. आणि केदारनाथचा निर्णय जुन्या शब्दांवरचा असल्यामुळे, नव्या शब्दांना तो आपोआप लागू होतो की पुन्हा सारे मांडावे लागेल, हा वाद वकिलांत सुरू झाला आहे.

नव्या टीकेची पहिली पाने लिहिली जात आहेत. २०२४ च्या डिसेंबरात राजस्थान हायकोर्टाने एक फिर्याद रद्द करताना सांगितले की, या कलमाचे मूळ राजद्रोहाच्या कलमात आहे, ते जपून वापरावे आणि सनदशीर मतभेदावर ते चालवू नये. २०२५ च्या ऑगस्टमध्ये १५२ व्या कलमासच आव्हान देणारा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आला, न्यायालयाने केंद्र सरकारास नोटीस काढली आणि तो अर्ज जुन्या प्रकरणास जोडला. अर्जदार पुन्हा तेच सेवानिवृत्त मेजर जनरल वोंबटकेरे होते.